खंडेनवमीचे लिंबू चाकूला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवरात्राच्या तोंडावर आपल्या पुरवणीत घरातली जुनी हत्यारे चकचकीत करण्याच्या युक्त्या छापून आल्या. विळी, अडकित्ता, सांडशी यांच्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. त्यांना लिंबू चोळा, राख चोळा, त्या सोसतात. पण त्याच फोटोत मधोमध एक जुना सहा-सात पात्यांचा खिशातला चाकू होता, सगळी पाती मोराच्या पिसाऱ्यासारखी उघडलेली, आणि त्यालाही ‘लिंबू-मीठ लावून पॉलिश पेपरने घासा’ असाच सल्ला होता. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत असे चाकू अजून निघतात. कधी दौत-टाकाच्या खणात, कधी शिवणाच्या डब्यात, कधी महूच्या छावणीत नोकरी केलेल्या आजोबांच्या ट्रंकेत. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर येतात आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची ओळख पुसली जाते. म्हणून हे पत्र.

चाकूची जन्मपत्रिका पात्याच्या बुडाशी असते. पाते मुठीत शिरते तिथे, धार सुरू होण्याआधी, नखाएवढा चपटा भाग असतो. चाकूवाले त्याला टँग म्हणतात, आपण बूड म्हणू. कारखान्याचे नाव, गाव, देश, एखादे चिन्ह, कधी राजमुकुट, कधी साल, सगळे तिथेच ठोकलेले. पोलादाला पाणी देण्याआधी, ते मऊ असताना, हा छाप ठशाने उठवतात आणि त्याची खोली बेताचीच असते. त्यात शंभर वर्षांचा गंज बसला की ती आणखी कमी होते. अशा बुडावर जाडा पॉलिश पेपर दोन-चार मिनिटे फिरला, की खाली गुळगुळीत पोलाद उरते आणि चाकू बेवारस होतो. लिंबाचे आम्ल अक्षरांच्या कडा खाते. मीठ मुठीच्या फटीत जाऊन बसते आणि पुढच्या पावसाळ्यात आतून गंज काढते. वरून चाकू आरशासारखा दिसतो, आत स्प्रिंग कुजत असते.

छाप वाचायला फारसे काही लागत नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात ते दहापट भिंग, एक छोटी टॉर्च आणि थोडी टाल्कम पावडर. बूड कोरड्या मऊ फडक्याने पुसा. टॉर्च समोरून मारू नका. ती पात्याच्या सपाटीला टेकवून आडवी धरा, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते. तरी दिसत नसेल तर बोटाने पावडर चोळा आणि वरचेवर पुसा, अक्षरांत पांढरी रेघ राहते. फोटो काढून ठेवा. बुडाच्या दोन्ही बाजू पाहा, आणि फक्त मोठ्या पात्यावर थांबू नका. लहान पात्यांवरही बघा. मोठ्यावर एक नाव आणि धाकट्यावर दुसरेच असेल तर कुठले तरी पाते नंतर बसवलेले आहे. एकच सावधगिरी: बुडावर कोरलेले नाव बहुतेक वेळा कारखान्याचे असते, पण नेहमी नाही. मुंबई-कलकत्त्याचे आयातदार इंग्लंडातल्या शेफिल्डहून आणि जर्मनीतल्या झोलिंगेनहून स्वतःचे नाव ठोकून माल मागवत. दुकानाचे नाव कारखान्याचे समजून तारखा शोधत बसलेले लोक पुष्कळ आहेत.

आता देशाचे नाव. ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ हा शब्द छापात आहे की नाही, इथून तारखेची सुरुवात करतात, कारण अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यावरून एक सोपा नियम तोंडोतोंडी झाला: देशाचे नाव नाही, म्हणजे चाकू 1891 पूर्वीचा. आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा लावला की फसगत होते. हा कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होता. हिंदुस्थानसाठी बनलेल्या शेफिल्डच्या चाकूवर 1891 नंतरही नुसते ‘शेफिल्ड’ असू शकते. जर्मन मालाची गोष्ट वेगळी. इंग्रजी अक्षरे ठोकून परदेशी माल इंग्रजी म्हणून खपवू नये यासाठी ब्रिटनने 1887 मध्ये आणि पाठोपाठ हिंदुस्थान सरकारने 1889 मध्ये कायदा केला. त्यामुळे इंग्रजी मजकुराखाली ‘जर्मनी’ दिसले तर तो चाकू बहुधा त्यानंतरचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990, यात वाद नाही. आणि ‘स्टेनलेस’, ‘रोस्टफ्राय’ किंवा ‘इनॉक्स’ यांपैकी काही असेल, तर पणजोबांनी 1857 पाहिले ही कथा बाजूला ठेवा. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस पोलाद काढले ते 1913 साली. त्याआधीचे प्रत्येक पाते साधे, गंजणारे पोलाद आहे, आणि करडे-काळसर पडलेले पाते ही त्या पोलादाची चांगली खूण आहे.

आपल्या भागात सर्वांत जास्त सांगितले जाणारे नाव म्हणजे रॉजर्स. जुन्या माणसांच्या तोंडी ‘रॉजरचा चाकू’ म्हणजे चांगला चाकू, मग तो कुणाचाही असो. खरा जोसेफ रॉजर्स अँड सन्स म्हणजे शेफिल्डच्या 6, नॉरफोक स्ट्रीटचा. त्याची चिन्हे एक चांदणी आणि एक माल्टीज क्रॉस, म्हणजे चार भुजांचा, टोकांना फुगलेला आणि खाचलेला क्रॉस. हे चिन्ह शेफिल्डच्या कटलर्स कंपनीच्या, म्हणजे चाकूवाल्यांच्या संघाच्या, दप्तरात 1682 सालचे आहे, म्हणून नुसत्या चांदणी-क्रॉसवरून चाकूचे साल निघत नाही. साल काढायचे तर मजकूर वाचावा लागतो. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर व्हिक्टोरिया, म्हणजे 1837 ते 1901. ‘जी आर’ असेल तर जपून: जॉर्ज नावाचे राजे एकापेक्षा जास्त होऊन गेले, आणि आपल्या घरांत निघतात ते बहुतेक 1910 नंतरच्या जॉर्जचे. इतका खपणारा माल असल्यामुळे रॉजर्सच्या नकला भरपूर झाल्या. स्पेलिंगमधला ‘डी’ गाळलेला, क्रॉसऐवजी फूल किंवा अधिकचे चिन्ह, ‘सन्स’ऐवजी ‘सन’. भिंगाखाली अक्षरांची ओळ पाहा. ठशाने एका घावात उठलेली ओळ सरळ आणि एकसारखी खोल असते. अक्षरे वर-खाली नाचत असतील, किंवा कडा आम्लाने खाल्ल्यासारख्या फाटक्या आणि तळ खरखरीत असेल, तर छाप नंतर केलेला. तरीही नक्कल म्हणून चाकू फेकू नका. वजीराबादसारख्या चाकूंसाठी नावाजलेल्या गावांतले देशी कारागिरांचे जुने चाकू स्वतःच्या गुणावर जपण्यासारखे आहेत आणि त्यांची नोंद फार कमी लोक ठेवतात.

लाल मुठीवर पांढरा क्रॉस दिसला की ‘स्विस आर्मीचा’ म्हणायची पद्धत आहे. स्विस सैनिकाला लाल चाकू मिळतच नव्हता. 1890 च्या नमुन्याच्या सैनिकी चाकूची मूठ काळपट लाकडाची, पाती चार: मोठे पाते, डबा फोडायचे हत्यार, पेचकस आणि भोके पाडायची आरी. गंमत म्हणजे सुरुवातीचे चाकू स्वित्झर्लंडमध्ये नव्हे, जर्मनीतल्या झोलिंगेनला बनले. कार्ल एल्सनर या स्विस चाकूवाल्याने आपल्या इबाख गावाहून पुरवठा सुरू केला तो 1891 मध्ये. लहान पाते आणि बुचाचे मळसूत्र जोडलेला हलका ‘ऑफिसर’ चाकू त्याने 12 जून 1897 रोजी नोंदवला. तो सैन्याने कधी वाटला नाही, अधिकारी पदरचे पैसे देऊन घेत. एल्सनरने आईच्या नावावरून ‘व्हिक्टोरिया’ ही खूण 1909 मध्ये घेतली आणि 1921 मध्ये स्टेनलेस आल्यावर ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाले. म्हणून नुसते ‘व्हिक्टोरिया’ असलेला चाकू हाती आला तर तो फडक्यात गुंडाळा आणि घासायच्या सामानापासून लांब ठेवा.

पुढचे चाकू अवयवांवरून ओळखतात. बुचाच्या मळसूत्राच्या तारेवर बाहेरून बारीक खोबण असेल तर तो जुना. नंतरची तार गुळगुळीत गोल. डबा फोडायच्या हत्याराच्या टोकाला छोटा पेचकस आहे का पाहा. ते टोक साधारण 1951 च्या सुमाराला आले, त्याआधीचे हत्यार वाघनखासारखे बाकदार. टोकाला किल्लीची गोल कडी की नालाच्या आकाराची हलणारी कडी? नाल जुना. आणि पाठीवर पार्सलची सुतळी अडकवायचा आकडा असेल तर चाकू 1991 च्या आधीचा असूच शकत नाही, विकणारा काहीही शपथ घेवो. देलेमाँचा वेंगर हा दुसरा स्विस कारखाना होता. त्याच्या चाकूची मिटलेली लांबी 85 मिलिमीटर, व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या चाकूंची 84 किंवा 91. एक मिलिमीटरचा फरक मोजपट्टीने कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर लागतो. 1961 पासूनच्या अ‍ॅल्युमिनियम मुठीच्या सैनिकी चाकूवर बुडाशी सालाचे शेवटचे दोन अंक असतात, त्यामुळे तिथे डोके खाजवायला नको.

महूकडून येणारे चाकू मात्र बहुतेक ब्रिटिश लष्करी नमुन्याचे. काळी, बारीक चौकड्यांची मूठ, मेंढीच्या खुरासारखे सरळ धारेचे आणि टोक नसलेले पाते, डबा फोडणी, आणि पाठीला जाड सुयासारखा दोर उकलायचा खिळा. बुडावर किंवा मुठीच्या धातूवर तीन रेघांचा बाण आणि साल शोधा. बाण सरकारी मालाचा. दुसऱ्या महायुद्धातले हे चाकू भरपूर बनले, म्हणून साल शाबूत असलेला आणि कडी न तुटलेलाच घ्यावा. शिकारीचे चाकू याहून वेगळे: करवत, घोड्याच्या खुरातला खडा काढायचा आकडा, मळसूत्र, आणि पाठीवर किंवा बोल्स्टरजवळ, म्हणजे मुठीच्या धातूच्या टोपीजवळ, अर्धगोल खाच. ही खाच बंदुकीत अडकलेले काडतूस ओढून काढायची आहे, बाटलीची नाही. मागून काडतूस भरायच्या शिकारी बंदुका रुळल्या त्या 1860 नंतर; तेव्हा खाच असलेला चाकू त्याआधीचा धरू नये.

मुठीबद्दल आपल्या मजकुरात एक सल्ला धोक्याचा होता: हस्तिदंत ओळखायला तापलेली सुई टोचा. जुन्या चाकूंच्या ‘हस्तिदंती’ मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या जातीच्या प्लास्टिकच्या, असतात, आणि सेल्युलॉइड सुईने पेट घेते. भिंग पुरे आहे. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात. हाडावर काळे ठिपके किंवा बारीक चिरा. सेल्युलॉइडवर वहीच्या ओळींसारख्या फार नेटक्या समांतर रेघा. मूठ अंगठ्याने जोराने चोळून वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. सांबरशिंगाच्या मुठीच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. खाचा दोन्हीकडे एकाच चालीने फिरत असतील तर ते कोरलेले हाड. शेफिल्डला जाणारे सांबरशिंग आपल्याच देशातून जात असे, हे जाता जाता.

सेल्युलॉइडचे खरे दुखणे पुढे आहे. ते म्हातारे झाले की आतून कुजते आणि आम्लाची वाफ सोडते. मुठीला तडे जाऊन ती चुरगळायला लागते, मुठीच्या आतल्या पितळी अस्तराला हिरवे येते, आणि मुठीला लागून असलेल्या पात्यांवरच दाट गंज चढतो. डब्यातल्या शेजारच्या चांगल्या चाकूंनाही ती वाफ बाधते. असा चाकू वेगळा, उघड्या हवेत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद तर अजिबात नको.

चाकू अस्सल आहे, पण किती उरला आहे? पाते मिटून पाहा. टोक मुठीच्या आत नीट बसायला हवे. बाहेर डोकावत असेल तर पाते धार लावून लावून झिजले आहे. बुडाखाली एक छोटा उंचवटा असतो. तो उंचवटा पात्याची धार स्प्रिंगवर आपटू देत नाही. तो कानशीने घासला की पाते खोल बसते, टोक लपते, म्हणून घासघासून आखूड झालेले पाते लपवायला विकणारे हीच युक्ती करतात, आणि थोडी जास्त घासली गेली की धार प्रत्येक मिटण्याला बोथट होते. नखखाच, म्हणजे पाते नखाने उचलायची खाच, पाहा. पाते रुंदीला अर्धे झाले असेल तर खाच धारेला जवळ आलेली दिसते. रिव्हेटची डोकी पाहा: जुन्या मुठीत चकचकीत, मोठी डोकी म्हणजे चाकू उघडून जोडलेला. उघडताना आणि मिटताना ‘खट्’ आवाज यायला हवा. आवाज नाही, पाते लुळे, आणि स्प्रिंग पाठीच्या पातळीखाली गेलेली असेल तर ती मधल्या खिळ्यापाशी चिरलेली असण्याची शंका घ्या. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याच्या चाकाला हे चाकू लावू नका. पातळ पाते क्षणात तापते, निळे पडते, आणि निळे पडले तिथले पाणी उतरले म्हणून समजा. ती धार मग टिकत नाही.

साफसफाई करायचीच तर अशी. पाते घट्ट असेल तर पकडीने ओढू नका, खाच तुटते. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा, चाकू सांधा वर करून एक दिवस ठेवा, मग बांबूची चपटी काडी खाचेत घालून हळूहळू उचला. खोबरेल किंवा तूप नको, ते चिकट होऊन धूळ धरतात. थोडे उघडा, थोडे मिटा. काळा चिखल बाहेर येईल, तो पुसा आणि पुन्हा एक थेंब. काळे येणे थांबेपर्यंत तीन-चार वेळा. फटीतला मळ दात कोरायच्या लाकडी काडीने काढा. तांबडा, पावडरसारखा गंज तेल लावून तांब्याच्या तुकड्याच्या कडेने खरवडा, तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. फारच झाले तर अगदी बारीक, चार शून्यांचे स्टील वूल तेलासह, आणि तेही बुडापासून लांब. करडा रंग राहू द्या. गरम पाण्यात बुडवणे नाही. हाड आणि शिंग तडकते आणि अस्तरात शिरलेले पाणी बाहेर येत नाही. एका वेळी एकच पाते उघडा. दोन टोकांची दोन पाती बऱ्याच चाकूंत एकाच स्प्रिंगवर असतात. दोन्ही एकदम अर्धवट उघडली की स्प्रिंगवर दुप्पट ताण येतो आणि जुनी स्प्रिंग तिथेच मोडते.

पूजा जरूर करा. गंध, हळद-कुंकू मुठीच्या धातूच्या टोपीला किंवा खालच्या फडक्याला लावा, बुडाला नको. ओली हळद अक्षरांत बसून ओल धरते. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात परत घालू नका, चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पितळाला हिरवे आणतात. सुती कापडात गुंडाळा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बघा.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे आणि सांबरशिंगही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा अशा मुठीचा चाकू घरचा असेल तर ठेवा, बाजारात फिरवू नका. मध्य प्रदेशात शस्त्र कायद्याच्या कलम 4 खालची 1974 ची अधिसूचना 6 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे सार्वजनिक जागी बाळगू देत नाही. आपले पेनचाकू दोन-तीन इंचांचे, पण खटक्याचा चाकू संग्रहाच्या नावाखाली खिशात घेऊन राजवाड्यावर फिरू नये.

आणि एक विनंती आपल्या छायाचित्रकाराला. पुन्हा कधी जुना चाकू छापलात तर पिसारा नको. एकच पाते उघडून त्याचे बूड जवळून, टॉर्च आडवी धरून टिपा. फोटोतल्या त्या चाकूच्या बुडावर दोन ओळी होत्या आणि खाली काहीतरी चांदणीसारखे. छपाईत वाचता आले नाही. त्याच्या मालकांनी अजून लिंबू लावले नसेल, तर आधी त्या ओळी वाचून घ्याव्यात.

— इंदूरचे काही चाकू-संग्राहक